क्लिनिकचं सॉफ्टवेअर, सोबत 'स्टाफ ट्रान्झिशन' पॅकेज आणि माझ्यापुढची लाल खूण : तीन स्टार

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि क्लिनिकची मालक तर नाहीच नाही, मी रिसेप्शनवर बसते, एकोणीस वर्षं झाली त्याच खुर्चीत (म्हणजे खुर्ची दोनदा बदलली, जागा तीच). असल्या सॉफ्टवेअरचे रिव्ह्यू बघितले तर सगळे डॉक्टरांनी नाहीतर मालकांनी लिहिलेले असतात, 'मस्त डॅशबोर्ड, रिपोर्ट एका क्लिकवर', आणि त्या डॅशबोर्डात जो माल भरायचा असतो तो भरणाऱ्याचा एकही रिव्ह्यू सापडत नाही, म्हणून हा लिहितेय. कंपनीचं नाव लिहिणार नाही, करार चालू आहे आणि रोज त्यांच्याच हेल्पलाईनला फोन करावा लागतो, उगाच वाकडं कशाला घ्या.

घेतलं काय तर दोन गोष्टी. एक सॉफ्टवेअर, त्यात अपॉइंटमेंट, टोकन, केसपेपर, प्रिस्क्रिप्शन, बिलिंग सगळं एकत्र. आणि दुसरं त्यांचं सहा आठवड्यांचं 'स्टाफ ट्रान्झिशन' पॅकेज, म्हणजे आधी स्टाफचा सर्व्हे, मग दोन ट्रेनिंग, मग चालू करायच्या आठवड्यात त्यांचा माणूस हजर आणि नंतर फोनवर मदत. माझा रिव्ह्यू मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीचा आहे. सॉफ्टवेअर बरं आहे हो. स्क्रीन स्वच्छ आहे, अक्षर मोठं करता येतं, जुना पेशंट नावाच्या तीन अक्षरांवर सापडतो, लॅबचा रिपोर्ट आपोआप त्याच्या त्याच्या फाईलला जाऊन लागतो, आणि बिल चुकलं तर खोडाखोड न करता रद्द करून नवीन निघतं. यातलं काहीही मला नको होतं असं नाही. उलट फाईल शोधायला स्टूलवर चढून माझे गुडघे गेलेत, मला तर हे दहा वर्षांपूर्वी हवं होतं.

आणि तरीही त्यांच्या सर्व्हेच्या रिपोर्टात माझ्या टेबलापुढे लाल खूण होती.

तो रिपोर्ट खरं तर मोठ्या डॉक्टरांसाठी होता, पण प्रिंट काढायला माझ्याकडेच आला, क्लिनिकमधला प्रत्येक कागद शेवटी माझ्याकडेच येतो हे त्या कंपनीला माहीत नव्हतं. त्यात एक तक्ता. डॉक्टर : हिरवा. नर्सिंग : पिवळा. डिस्पेन्सिंग : पिवळा. फ्रंट डेस्क : लाल, आणि पुढे 'बदलाला विरोध जास्त, विशेष लक्ष द्यावे'. मी तो प्रिंट काढला, स्टेपल केला आणि डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. काही बोलले नाही. पण दिवसभर डोक्यात तेच, की मी विरोध कधी केला? सर्व्हेत एक प्रश्न होता, 'नवीन प्रणालीबद्दल तुम्हाला काही शंका आहेत का', त्यावर मी अकरा शंका लिहिल्या होत्या. अकरा शंका म्हणजे लाल. दुसऱ्या कुणी काहीच लिहिलं नव्हतं, ते पिवळे. आणि मोठ्या डॉक्टरांनी तो फॉर्म उघडलाच नव्हता, ते हिरवे. आज आठ महिने झाले, मोठ्या डॉक्टरांनी त्या सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर टाईप केलेलं नाही, ते बोलतात आणि सिस्टर टाईप करते. पण ते हिरवे.

माझ्या अकरापैकी पहिली शंका होती की सोमवारी सुरू करू नका. ज्याने कधी क्लिनिकच्या काउंटरमागे एक दिवस काढलाय त्याला विचारा सोमवार म्हणजे काय, रविवारभर घरात दाबून ठेवलेला ताप, खोकला, पोटदुखी सगळं सोमवारी सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसलेलं असतं. मी म्हटलं बुधवारी सुरू करा आणि पहिला आठवडा अपॉइंटमेंट निम्म्याच द्या. तर त्यांचा जो पहिला ट्रेनर होता, चांगला मुलगा होता तसा, इस्त्रीचा शर्ट वगैरे, तो हसून म्हणाला, "मॅडम, सुरुवातीला सगळेच घाबरतात." हे वाक्य त्याच्याकडून मी नंतर इतक्यांदा ऐकलं की आमची मावशी त्याची नक्कल करायला लागली. प्रिंटर अडकला, सुरुवातीला सगळेच घाबरतात. नेट गेलं, सुरुवातीला सगळेच घाबरतात.

सोमवारीच सुरू केलं. काय झालं ते फार सांगत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. दहा वाजता पायरीपर्यंत रांग, साडेअकराला एका आजोबांना चक्कर, आणि बारा वाजता मी गुपचूप ड्रॉवरमधून जुनी डायरी काढली आणि त्यात नावं लिहायला लागले, स्क्रीनवर संध्याकाळी भरू म्हटलं. त्या दिवशी मी घरी गेले रात्री सव्वादहाला. पुढचे तीन आठवडे हेच, दिवसा डायरी आणि रात्री स्क्रीन, म्हणजे काम दुप्पट. आणि कंपनीच्या आठवड्याच्या मेलमध्ये काय तर 'फ्रंट डेस्क अजूनही कागद वापरत आहे'. अरे बाबा वापरत आहे म्हणून तुझ्या स्क्रीनवर संध्याकाळी पेशंट दिसताहेत ना.

आता एक मजा सांगते, मजाच म्हणायची. नवीन पेशंट घेताना जन्मतारीख आणि मोबाईल नंबर सक्तीचे, ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. समोर सत्तरीच्या बाई, त्यांना वय माहीत, तारीख माहीत नाही. मोबाईल मुलीचा, आणि त्याच नंबरवर घरातले पाच जण, तर सॉफ्टवेअर म्हणतं हा पेशंट आधीच आहे. ओटीपी जातो मुलीला, मुलगी ऑफिसात मीटिंगमध्ये. मागे चौदा माणसं उभी. मग काय करणार? मी आणि माझ्या शेजारी बसणारी, आम्ही दोघींनी सरळ सगळ्यांना एक जानेवारी टाकायला सुरुवात केली आणि मोबाईल म्हणून दहा वेळा नऊ. महिन्याभरात क्लिनिकचे निम्मे पेशंट एक जानेवारीला जन्मलेले. ट्रेनर याला 'डेटा डिसिप्लिनचा अभाव' म्हणाला. मला विचाराल तर जो रकाना खरं उत्तर घेतच नाही तो खोटं मागतोय. पण यात आमचीही चूक आहे हे मी लपवत नाही, कारण एका लहान मुलाचं वर्षच चुकीचं पडलं, आणि मुलांचं औषध वयावर नि वजनावर असतं, सिस्टरने मुलाकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं आणि माझ्याकडे आली म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मुलांच्या बाबतीत रांग थांबवून तारीख विचारायला लागले, मग लोक ओरडू देत.

आता डायरीबद्दल. हे जरा लांबेल, पण खरं दुखणं इथेच आहे.

माझ्या डायरीत नावापुढे पेन्सिलीच्या खुणा असतात. गोल म्हणजे ऐकू कमी येतं, नाव पुकारून उपयोग नाही, जवळ जाऊन सांगायचं. दोन आडव्या रेघा म्हणजे उपाशीपोटी तपासणीला येणार, डायबिटीस आहे, पहिलं घ्यायचं. त्रिकोण म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, डॉक्टर खाली येतील. 'वे' म्हणजे वेळ लागतो, यांच्यामागे लगेच दुसरा नंबर लावायचा नाही. टिंब म्हणजे काउंटरवर काय होतंय ते विचारायचं नाही, चारचौघांत सांगणार नाहीत, सरळ आत पाठवायचं. आणि फुली म्हणजे दोन भाऊ आहेत, त्यांची कोर्टात केस चालू आहे, दोघांना एका वेळी बाकावर बसवायचं नाही (हे एकदा केलंय, पुन्हा नाही). हे सगळं मला कुणी शिकवलं नाही आणि मी कुणाला कधी समजावून सांगितलं नाही, ते होत गेलं. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की आपली ओपीडी कशी छान सुरळीत चालते.

आणि नवीन स्क्रीनवर काय? दहा दहा मिनिटांचे सारखे चौकोन. टाके काढायला दहा मिनिटं आणि पहिल्यांदा शुगर निघालेल्या माणसाला समजवायलाही दहा मिनिटं. खुणेला जागा नाही. म्हणजे एकोणीस वर्षांत मी जे जमवलं ते एका सोमवारी शून्य, आणि वर मी म्हणतेय डायरी हवी तर मी बदलाच्या विरोधात. मला डायरी नको होती हो, मला खुणा हव्या होत्या. पण हे मला तेव्हा इतकं सरळ सांगता आलं नाही, मी आपली 'जुनंच बरं होतं' एवढंच म्हणत राहिले, आणि तसं म्हटलं की समोरचा ऐकणं बंद करतो.

चौथ्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी कंपनीला झापलं आणि त्यांनी माणूस बदलून पाठवला. एक मुलगी आली, पंचविशीची असेल. मला वाटलं आता ही अजून इस्त्रीची. तर तिने लॅपटॉप उघडलाच नाही. माझ्या शेजारी मावशीचं स्टूल ओढून दोन दिवस नुसती बसली. फोन घेतला की ऐकायची, पेशंट आला की बघायची. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर म्हणाली, "ताई, ही पेन्सिलची खूण कसली?"

चार आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. मी तिला सगळ्या सांगितल्या, भावांची फुलीसुद्धा. ती लिहून घेत होती. मग तिने लॅपटॉप उघडला, सेटिंगमध्ये गेली आणि 'पेशंट अलर्ट नोट' नावाच्या एका चौकोनात टिक केली. बस. स्क्रीनवर नावापुढे छोटा पिवळा झेंडा उगवला, त्यावर माउस नेला की माझी खूण शब्दांत दिसते. ते आधीपासून होतं! पहिल्या दिवसापासून होतं, फक्त बंद होतं, कारण चालू करायला कुणीतरी आधी विचारायला हवं की तुम्हाला नोंद काय ठेवावी लागते. मग तिने अपॉइंटमेंटचे प्रकार केले, टाके पाच मिनिटं, ड्रेसिंग दहा, नवीन शुगर तीस. वय टाकलं की अंदाजे जन्मवर्ष घेणारा पर्याय चालू केला, एका मोबाईलवर कुटुंब जोडायचं चालू केलं. सगळं मिळून दीड तास लागला असेल. मला आनंद झाला की राग आला हे मला अजून ठरवता आलेलं नाही. टिंबाची नोंद कशी लिहायची यावर मात्र तिने मला अडवलं आणि बरोबर अडवलं. डायरीतलं टिंब फक्त मला कळायचं, स्क्रीनवरचं वाक्य सगळे वाचणार, म्हणून 'सरळ आत पाठवा' एवढंच लिहायचं, कारण लिहायचं नाही. आणि भावांचं भांडण तर अजिबातच नाही, ते माझ्या डोक्यातच राहू दे म्हणाली.

जाताना तिने एक गोष्ट सांगितली, ती मला इतकी आवडली की मी आमच्या धाकट्या मॅडमना (मोठ्या डॉक्टरांची सून, त्याही डॉक्टर) शोधून द्यायला सांगितली. अमेरिकेत व्हर्जिनियात मॅरियन नावाचं गाव आहे, तिथे हारवूड नावाच्या कंपनीची पायजमे शिवायची फॅक्टरी होती. तिथे काम वारंवार बदलायचं, आणि काम बदललं की बायका चिडायच्या, वेग पडायचा, कित्येक नोकरीच सोडायच्या. लेस्टर कॉच हा तिथला पर्सोनेल मॅनेजर आणि जॉन फ्रेंच हा मानसशास्त्राचा माणूस, या दोघांनी त्यावर प्रयोग केला आणि १९४८ साली छापला. एका गटाला नुसतं सांगितलं की उद्यापासून काम असं. एका गटाचे प्रतिनिधी बोलावून बदल ठरवला. आणि दोन गटांत सगळ्यांनाच बसवून, काम कसं बदलायचं हे त्यांच्याशीच बोलून ठरवलं. नुसतं सांगितलेल्या गटातले १७ टक्के लोक ४० दिवसांत सोडून गेले आणि राहिलेल्यांचा वेग काही वर येईना. सगळ्यांना घेऊन ठरवलेल्या गटांतलं कुणी सोडून गेलं नाही आणि ते आधीपेक्षाही पुढे गेले.

पण माझा आवडता भाग याच्या पुढचा आहे. त्या नुसतं सांगितलेल्या गटातले जे १३ जण उरले होते, त्यांना अडीचेक महिन्यांनी दुसऱ्या नव्या कामावर घातलं, आणि या खेपेला त्यांना विचारून, सोबत घेऊन. तर तेच १३ जण झपाट्याने वेगात आले आणि पुढे गेले. म्हणजे माणसं तीच हो. हे वाचल्यावर मी तो लाल तक्ता परत काढून बघितला आणि मला पहिल्यांदा हसू आलं.

मग मला वाचायचा नादच लागला. धाकट्या मॅडमनी अजून एक लेख दिला, १९७९ सालचा, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला, कॉटर आणि श्लेसिंजर या दोघांचा. त्यात लोक बदलाला विरोध का करतात याची चार कारणं दिलीत आणि मी ती चारही आमच्या क्लिनिकवर लावून बघितली, अगदी फिट बसतात. पहिलं म्हणजे आपलं काहीतरी जाणार. आमचा कंपाउंडर, त्याचा मान कशात होता? मोठ्या डॉक्टरांचं अक्षर अख्ख्या जगात फक्त त्याला वाचता यायचं. बाहेरचे मेडिकलवाले फोन करून त्याला विचारायचे. आता प्रिस्क्रिप्शन छापून येतं, कुणीही वाचावं. त्याने कधीच तक्रार केली नाही, फक्त प्रिंटर त्याच्या पाळीत वारंवार बिघडायला लागला. दुसरं म्हणजे गैरसमज आणि विश्वास नसणं. सिस्टरला वाटलं की लॉगिनच्या वेळेवरून पगार कापणार, म्हणून ती सकाळी पळत येऊन आधी लॉगिन करायची आणि मग चप्पल काढायची. कापणार नव्हतेच, पण कुणी सांगितलंही नव्हतं. तिसरं म्हणजे दोघांचा हिशोब वेगळा, आणि इथे त्या दोघांनी स्वच्छ लिहिलंय की विरोध करणाऱ्याकडची माहिती जास्त बरोबर असू शकते, आणि तसं असेल तर तो विरोध संस्थेच्या फायद्याचाच. हे मी धाकट्या मॅडमना दोनदा वाचून दाखवलं. चौथं म्हणजे आपल्याला जमणार नाही याची भीती. माझ्या शेजारी जी बसते ती सॉफ्टवेअरला शिव्या घालायची ना, ती खरं तर दोन बोटांनी टाईप करते आणि पेशंट समोर बघत उभे असताना तिचे हात थरथरायचे. तिला ट्रेनिंग नको होतं, तिला रिकाम्या खोलीत एक तास हवा होता. नवीन मुलीने तिला रोज दुपारी तो दिला, खोट्या पेशंटची खोटी नावं भरायला. आता ती माझ्यापेक्षा जलद आहे आणि मला सांगते ताई एंटर दाबा.

चार कारणं, चार वेगळी औषधं. आणि पहिल्या ट्रेनरकडे सगळ्यांना एकच गोळी, ती म्हणजे तीच स्लाईड पुन्हा दाखवणे.

मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की सॉफ्टवेअर ते सॉफ्टवेअर, कसंही बसवा शेवटी चालतंच. ते असं जेवढ्या वेळा म्हणायचे तेवढ्या वेळा धाकट्या मॅडम एक उदाहरण द्यायच्या, म्हणून माझंही पाठ झालंय. अमेरिकेत पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या ऑर्डर (औषधं, तपासण्या वगैरे) कॉम्प्युटरवर टाकायची पद्धत सुरू केली, अख्ख्या हॉस्पिटलात सहा दिवसांत. पुढे २००५ साली त्यांच्याच डॉक्टरांनी छापलं की बाहेरून हलवून आणलेल्या अत्यवस्थ मुलांचा मृत्युदर २.८० टक्के होता तो ६.५७ वर गेला. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक वाचून मी चमकले. आधी मूल वाटेत असतानाच औषधांची तयारी सुरू व्हायची, नवीन पद्धतीत मूल दारात येऊन त्याची नोंद होईपर्यंत ऑर्डरच टाकता येईना. नोंद झाल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही! मला आमचा जन्मतारखेचा रकानाच आठवला. आणि पुढच्या वर्षी सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलने छापलं की आम्हीही तेच सॉफ्टवेअर बसवलं, आमच्याकडे मृत्यू वाढले नाहीत. आमचं आपलं गावठी क्लिनिक, सर्दी-तापाचं, त्याची तुलना आयसीयूशी करायची नाही हे मला कळतं. पण 'कसंही बसवा' हे मात्र मोठे डॉक्टर आता म्हणत नाहीत.

एक तक्रार अजून आहे आणि ती सॉफ्टवेअरवरच. त्यात एक रिपोर्ट आहे, कुठल्या कर्मचाऱ्याला पेशंटमागे किती मिनिटं लागली याचा, आणि कंपनी तो विकताना फार मिरवते. मोठ्या डॉक्टरांनी तो एकदा सगळ्यांसमोर वाचला. मी शेवटून पहिली. का? कारण ऐकू न येणारे, रडणारे, भांडणारे, कागद हरवलेले सगळे माझ्याकडे येतात, शेजारीण म्हणजे साधी बिलं. हे आकड्यात दिसत नाही. मग काय झालं असेल सांगा? आम्ही पेशंट आला की लगेच 'आले' दाबणं बंद केलं, सगळी बोलणी झाली की दाबायचं, घड्याळ तिथून सुरू. पुढच्या महिन्यात सगळे पहिले नंबर. रिपोर्ट हिरवागार आणि साफ खोटा. नवीन मुलीला मी हे कबूल केलं, ती हसली आणि तिने डॉक्टरांना एवढंच सांगितलं की हा रिपोर्ट गर्दीची वेळ ओळखायला वापरा, माणसं ओळखायला नको. तेव्हापासून मोठ्या डॉक्टरांनी तो उघडलेला नाही आणि आम्ही 'आले' वेळेवर दाबतो. बाकी कंपनीने तो कर्मचाऱ्याच्या नावाशिवाय द्यायला हवा, हे मी त्यांना लेखी कळवलंय.

बारीकसारीक. नेट गेलं की सगळं ठप्प, म्हणून रोज संध्याकाळी उद्याची यादी छापून ठेवायची ही नवीन मुलीचीच सूचना, दोनदा कामी आली. पेशंटला एसएमएस वेळेवर जातात. वाढदिवसाचे शुभेच्छा एसएमएस ताबडतोब बंद करा, विशेषतः एक जानेवारीच्या आत (आम्ही केले नाहीत, त्या सकाळी फोन उचलून उचलून हात दुखला). आवाजावर टाईप होणारं फीचर मोठ्या डॉक्टरांच्या आवाजावर चालत नाही, ते तोंडातल्या तोंडात बोलतात. स्कॅनिंगसाठी सगळ्या जुन्या फाईली द्यायच्या नाहीत, जे पेशंट खरंच येतात त्यांच्याच द्या, आणि तेही ते आले की, हे आम्ही उशिरा शिकलो आणि कपाटभर फाईली वाया स्कॅन केल्या.

घ्यावं का? सॉफ्टवेअर घ्या. पॅकेज घेताना विक्रीवाल्याला एक प्रश्न विचारा, की तुमचा माणूस चालू करायच्या आधी आमच्या काउंटरमागे किती दिवस नुसता बसणार. उत्तर शून्य आलं तर पॅकेज घेऊ नका, नुसतं सॉफ्टवेअर घ्या आणि आपल्याच रिसेप्शनवालीला दोन दिवस बाकी कामं बाजूला ठेवून सेटिंग दाखवा. आणि सोमवार नको. पहिला ट्रेनर आला तर शून्य स्टार, दुसरी आली तर पाच, कोण येणार हे तुमच्या नशिबावर, म्हणून सरासरी मारून तीन. इथे अर्धा स्टार देता येत नाही नाहीतर साडेतीन दिले असते.

डायरी अजून ड्रॉवरमध्ये आहे, नवीन नोंदी नाहीत त्यात, फक्त भावांची फुली. आणि मी सर्व्हेत लिहिलेल्या अकरा शंकांपैकी आठ सुटल्या. नववी अशी होती की टोकनचा आकडा मोठा छापा, म्हाताऱ्या माणसांना दिसत नाही. त्याचं तिकीट, म्हणजे कंपनीकडे तक्रार, मी पाच महिन्यांपूर्वी टाकलंय. आज सकाळीच बघितलं, 'काम सुरू आहे' असं दाखवतंय, तोवर मावशी स्केचपेनने गिरवून देते.